रिकाम्या खोल्यांचे पत्ते

४ सप्टेंबर

आज विचार न करता ‘हो’ म्हणून बसले. संग्रहालयाच्या दुकानातल्या मॅडमनी चहाला बोलावलं तेव्हाच कळायला हवं होतं. त्या उगाच चहा पाजणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणाल्या, टॅरोचे पत्ते करायचेत. भविष्य सांगतात ते. वरच्या मजल्यावर ज्या एकाच थोर चित्रकारांची चित्रं लावली आहेत त्यांच्या शैलीत, अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा पूर्ण संच, हिवाळ्याच्या सुट्टीत गर्दी होते त्याआधी. कप खपत नाहीत, छत्र्या खपत नाहीत, पत्ते खपतील.

मी इथे चित्रांखालच्या पाट्या आणि प्रदर्शनांची पोस्टरं करते. माझ्या हातचं काही कुणी मागितलं त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे ‘हो’ आधी निघालं आणि अक्कल मागून आली.

अडचण अशी की चित्रकारांनी जन्मभर रिकाम्या खोल्या रंगवल्या. खुर्ची, खिडकी, अर्धवट उघडं दार, टेबलावर एखादा कप. माणूस औषधालाही नाही. आणि टॅरोचे पत्ते म्हणजे नुसती माणसंच माणसं. राजा, राणी, जादूगार, संन्यासी, उलटा टांगलेला माणूस, प्रेमी. आता त्या खोल्यांत हे लोक बसवायचे कुठे?

घरी सांगितलं तर वहिनी म्हणाली, “वन्सं, भविष्य सांगायला लागलात की पहिलं तुमच्या भावाचं पोट कधी आत जाईल ते बघा.”

दादा वर्तमानपत्रामागून म्हणाला, “पोट आहे म्हणून या घराला वजन आहे.”

७ सप्टेंबर

सकाळभर वरच्या दालनात चित्रांपुढे बसून रेखाटनं केली. सगळ्यात गाजलेलं चित्र, ‘पिवळी खोली’, नेमकं भिंतीवर नाही. त्या जागी चौकोनी फिकट डाग आणि मीच केलेली पाटी: ‘दुरुस्तीसाठी काढले आहे.’

म्हणून मागच्या बाजूच्या दुरुस्तीच्या खोलीत गेले. तिथे आमचे चित्रांचे डॉक्टर बसतात. त्यांना सगळेच डॉक्टर म्हणतात. आजारी चित्रं बरी करतात म्हणून. दोन-अडीच वर्षं झाली असतील इथे येऊन. कुणाशी फारसं बोलत नाहीत. काडीला कापूस गुंडाळून ती जिभेला लावत होते आणि चित्राचा कोपरा पुसत होते.

मी म्हणाले, “हे काय चाललंय?”

वर न बघता म्हणाले, “थुंकी. धूळ काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही.”

“एवढ्या मोठ्या चित्राला?”

“म्हणूनच चहा कमी पितो आणि बडबडही कमी करतो. तोंड कोरडं पडून चालत नाही.”

मी स्टुलावर बसून चित्राचं रेखाटन करायला घेतलं. पिवळ्या भिंती, डावीकडून येणारा उजेड, मधोमध वेताची खुर्ची. तासभर बसले, त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मला असली माणसं आवडत नाहीत. समोर कुणी बसलंय याची दखल तरी घ्यावी.

घरी येऊन वही उघडली तर अर्ध्या पानांवर खुर्ची होती आणि अर्ध्या पानांवर काडी धरलेला हात. काय करणार, हात सारखा मध्येच येत होता.

१३ सप्टेंबर

घरचेच लोक धरले आहेत. वहिनी सम्राज्ञी झाली. शेंगा सोलत बसलेली, मांडीवर टोपली, मागे चित्रकारांची निळी खिडकी. ती एवढी ताठ बसली की शेंगा सोलायच्याच राहिल्या. दादा सम्राट. त्याने अट घातली की पोट झाकायला वर्तमानपत्र पाहिजे. वर्तमानपत्रासकट चांगला आलाय, खरंच कुठल्या तरी राज्याचा मालक वाटतो.

पत्ता काय सांगतो ते मी वाचत नाही. मला फक्त एवढंच कळतं की माणूस त्या खोलीत बसवला की खोली बदलते. कुणी तरी आत्ता बोलेल असं वाटायला लागतं.

मॅडम खूश आहेत. पण चित्रकार आता हयात नाहीत, चित्रांचे हक्क त्यांच्या पत्नीकडे आहेत आणि त्यांची परवानगी मीच आणायची आहे. “तुझा चेहरा गरीब आहे,” मॅडम म्हणाल्या.

१६ सप्टेंबर

गरीब चेहऱ्याचा उपयोग झाला नाही.

बाई ऐंशीच्या आसपासच्या. काठी घेऊन चालतात, पण आवाज असा की पलीकडच्या घरात ऐकू जावा. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले, कारण आत सगळी चित्रं होती. म्हणजे खऱ्या खोल्या. ती निळी खिडकी, ते अर्धवट उघडं दार. चित्रांत प्रचंड वाटतात, प्रत्यक्षात आमच्या स्वयंपाकघराएवढ्या आहेत.

मी सम्राज्ञी आणि सम्राट पुढे ठेवले. बाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

“ही कोण?”

“माझी वहिनी.”

“छान बसली आहे.” मग पत्ते माझ्याकडे सरकवले. “नाही. त्या खोल्यांत माणसं घालायची नाहीत.”

मी म्हणाले, चित्रकारांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे, आम्ही काही चेष्टा करत नाही, वगैरे वगैरे. बाई म्हणाल्या, “अगं, आदराचं मला नको सांगूस. तुमच्यासारखे आदरवाले रोज येतात. खुर्चीचा फोटो काढतात आणि मला म्हणतात, जरा बाजूला व्हाल का?”

चहा मात्र आग्रहाने दिला. निघताना दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, “रिकामी खोली दिसायला सुंदर असते. पण ती आवरावी लागते गं कुणाला तरी.”

बाईंना नवऱ्याचा फार अभिमान असावा. त्यांच्या चित्रांना कुणी हात लावलेला त्यांना सोसणार नाही.

१७ सप्टेंबर

मॅडमकडे जाण्याआधी दुरुस्तीच्या खोलीत गेले. का गेले कोण जाणे. वाटेवरही नाही ती. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ऐकून घेतात, एवढं मात्र मानायला हवं. आज काडी खाली ठेवून ऐकलं.

म्हणाले, “मी त्यांच्या जागी असतो तर मीही नाही म्हटलं असतं.”

“का?”

“मला अजून नक्की माहीत नाही. खुर्चीपाशी रंग फुगलाय. तिथे थर जाड आहे, बाकीच्या चित्रापेक्षा बराच जाड. एक्स-रे काढणार आहे.”

माणसाला विचारावं परवानगीचं, तर तो सांगतो रंगाच्या थराचं.

२९ सप्टेंबर

मधले दिवस पाट्यांत गेले. आज दुपारी डॉक्टर स्वतः माझ्या टेबलाशी आले. आजपर्यंत कधी आले नव्हते. “दोन मिनिटं येता?”

त्यांच्या खोलीत पडदे ओढलेले. संगणकावर ‘पिवळ्या खोली’चा एक्स-रे, इस्पितळात छातीचा काढतात तसाच करडा. खिडकी होती, खुर्ची होती. आणि खुर्चीत एक बाई बसलेली होती.

तरुण, सव्वीस-सत्तावीसची. मान थोडी कललेली, हात मांडीवर. एका पायातली चप्पल काढून तो पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला. कानातला खडासुद्धा दिसत होता.

“या त्या बाई?” मी विचारलं.

“त्याच असाव्यात. आधी यांना रंगवलं, मग यांच्यावरून भिंत आणि खुर्ची रंगवली.”

आम्ही दोघं किती तरी वेळ नुसते बघत उभे होतो. खोली एवढी लहान की माझा खांदा त्यांच्या बाहीला लागत होता. बाजूला व्हायला जागाच नव्हती.

“संचालकांना सांगितलंत?” मी विचारलं.

“नाही. तुम्हाला आधी दाखवावंसं वाटलं.”

मी म्हणाले, “अहो, आधी त्यांना सांगायला हवं होतं. नियम आहे तसा.”

“हो,” ते म्हणाले. “नियम आहे.” आणि पडदे उघडले.

घरी वहिनीला हे सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला आधी दाखवावंसं वाटलं म्हणाले?” मी म्हणाले, हो ना, बघ की, एवढा अनुभवी माणूस आणि साधी पद्धत माहीत नाही. वहिनीने कपाळावर हात मारला. डोकं दुखत असेल. दोन दिवस तिला बरं नाही.

४ ऑक्टोबर

संचालकांना कळलं आणि त्यांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. वर्तमानपत्रांना बोलवायचं म्हणतात. डॉक्टर एकच वाक्य बोलले, “ज्यांचं चित्र आहे त्यांनी पहिलं बघावं.” संचालक म्हणाले, चित्र संग्रहालयाचं आहे. डॉक्टर म्हणाले, “चित्राचं नाही म्हणत. चित्रातल्या बाईंचं म्हणतोय.” इतक्या शांतपणे म्हणाले की संचालक गप्प बसले.

बाईंकडे जायचं काम माझ्यावर आलं. गरीब चेहरा.

५ ऑक्टोबर

कसं सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव केली आणि दारातच भडाभडा सांगून टाकलं. बाई काठीवर रेलून उभ्या होत्या. रागावल्या नाहीत, चकित झाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “दिसते का अजून मी?”

मग आत नेऊन बसवलं. लग्नानंतरची पहिली बारा-पंधरा वर्षं प्रत्येक चित्रात त्या होत्या. रोज सकाळी उजेड आला की बसायच्या. घरातली कामं तशीच पडायची. आणि चित्र पुरं व्हायच्या आधी कधी तरी त्यांना पुसलं जायचं. एके दिवशी खोलीत यावं तर चित्रात नुसती खुर्ची. हे काही बोलायचे नाहीत. ह्या विचारायच्या नाहीत.

“का नाही विचारलंत?” मी विचारलं.

“काय विचारणार? ‘मी नको झाले का?’ असं? आणि ते हो म्हणाले असते तर?” बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “लोक म्हणायचे, काय ती शांतता, काय ती पोकळी. मला प्रत्येक चित्र बघून एवढंच वाटायचं की मी इथूनही उठले.”

बसमध्ये परत येताना मला फार वाईट वाटत होतं. एका घरात एवढी वर्षं काढून साधा प्रश्न विचारता येऊ नये! कमाल वाटते मला अशा लोकांची.

९ ऑक्टोबर

आज बाई आल्या. ठेवणीतली रेशमी साडी नेसून, केस नीट विंचरून. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी माझंच स्टूल पुसून ठेवलं होतं. मग ते बिनपाठीचं आहे हे लक्षात येऊन धावत जाऊन संचालकांची खुर्ची उचलून आणली. संचालक उभे राहिले.

पडदे ओढले. बाईंनी बघितलं. मग बाई एकदम हसल्या.

“बघा, पाय! फरशी किती गार असायची. म्हणायचे, हलू नकोस. मी एक पाय दुसऱ्यावर ठेवायची. मला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही.”

त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “हे घाईत काढलंय, की नीट?”

डॉक्टर त्यांच्याशेजारी उकिडवे बसले, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये. बोटाने दाखवत गेले. पापण्या. गळ्याखालची सावली. अंगठ्याचं नख. “हे उरकलेलं नाही. यातली एकही रेघ घाईची नाही. चित्र पूर्ण झालेलं होतं. शिवाय खालचा रंग पुरता वाळल्यावर वरचा लावलाय. म्हणजे काही महिने हे असंच राहिलं असणार. तुम्ही असलेलं.”

“काही महिने,” बाई म्हणाल्या. “ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मला वाटलं, जमलं नाही म्हणून ठेवलंय.” मग खूप हळू आवाजात, “म्हणजे मला पुरी केली होती.”

डोळे पुसले नाहीत त्यांनी. पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं तसंच येऊ दिलं.

संचालकांनी घसा साफ केला. बाईंनी विचारलं, “वरचं काढता येईल?”

“येईल,” डॉक्टर म्हणाले. “जोखीम आहे, पण येईल. मात्र लोक जी खोली बघायला येतात ती जाईल. दोन्ही ठेवता येणार नाहीत.”

संचालकांचा चेहरा पांढराफटक. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं त्यांना जरा मजा वाटतेय. “राहू द्या. लोकांना खुर्ची बघू दे. मला माझं बघायचं होतं ते बघून झालं.”

त्या गेल्यावर मी आणि डॉक्टर तिथेच राहिलो. मला रडू येत होतं आणि ते कुणी बघू नये असंही वाटत होतं. ते म्हणाले, “काही गोष्टी वेळेवर सांगायला हव्यात, नाही का?” मी म्हणाले, हो ना, त्या चित्रकारांनी एका शब्दाने तरी सांगायचं होतं बायकोला. डॉक्टर काही तरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. त्यांचं असंच असतं.

१० ऑक्टोबर

बाईंचा सकाळीच फोन. “घाल तुझी माणसं. मला मात्र घालू नकोस, मी आहे तिथे बरी आहे. आणि त्या तुझ्या वहिनीच्या हातात शेंगा जास्त दे, चारच दिसतात.”

२० ऑक्टोबर

कामाचा नुसता पूर. सकाळी पाट्या, दुपारपासून पत्ते. डॉक्टरांची खोली उत्तरेकडची आहे, उजेड चांगला, म्हणून मी बाडबिस्तरा तिकडेच हलवलाय. दुसरं काही कारण नाही. ते त्यांचं काम करतात, मी माझं. रंग कुठे गढूळ झाला ते न विचारता सांगतात. जुन्या हिरव्यात थोडं तांबडं घाला म्हणाले. घातलं, आणि चित्रकारांचीच भिंत समोर उभी राहिली.

संन्यासी, जादूगार, पेल्यांचा राजा, न्याय, मूर्ख, सगळे झाले. इतकं भराभर काम मी आयुष्यात केलेलं नाही. रविवारी संग्रहालय बंद असतं तेव्हा हात चालत नाही. घरचा उजेड खराब आहे.

‘प्रेमी’ तेवढा जमत नाहीये. तीनदा फाडला.

२३ ऑक्टोबर

डॉक्टरांना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात बोलावलंय. तिथला दुरुस्तीचा सगळा विभाग त्यांच्या हाताखाली असेल. महिनाअखेरीला निघायचं.

काम करता करताच सांगितलं. “अजून होकार कळवलेला नाही. उद्यापर्यंत कळवायचाय.”

मी म्हणाले, “अभिनंदन! केवढी मोठी संधी. नाही म्हणायचा प्रश्नच नाही.”

“प्रश्नच नाही?”

“अहो, कोण सोडेल असं?” मग मी विचारलं की पत्त्यांवर चकचकीत लेप बरा की मंद.

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. म्हणाले, “मंद. चकचकीत असला की बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं.”

आनंदाची बातमी आहे. माणसाचं भलं झालं की आनंद व्हावा. घरी आल्यावर दूध उतू गेलं म्हणून वहिनीवर खेकसले. दूध मीच गॅसवर ठेवलं होतं.

३१ ऑक्टोबर

निरोप समारंभ. केक, संचालकांचं भाषण, संचालकांचं आणखी थोडं भाषण. सगळ्यांच्या सह्यांचं शुभेच्छापत्र मीच केलं होतं. त्यावर कापसाची काडी काढली. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मी सही करायची विसरले होते.

जाताना माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, “पत्ते झाले की मला एक संच मिळेल?”

“दुकानातून पाठवतील की.”

“बरं,” म्हणाले. मग तिथेच उभे. मी पाटीची अक्षरं सरळ करत होते. वर बघितलं तर गेलेले.

उत्तरेकडची खोली आता बंद असते.

१५ नोव्हेंबर

लिहिण्यासारखं काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही. आज छापखान्यातून पत्त्यांचे नमुने आले. ‘प्रेमी’ सोडून सगळे. मीही खूश, मॅडमही खूश. घरी आणले, वहिनीने जेवणाचं टेबल पुसलं आणि रांगा लावून मांडले. स्वतःचा पत्ता बघून झाल्यावर एकेकावर वाकून बघायला लागली. वाकून, परत वाकून. मग म्हणाली, “वन्सं, ही मान कुणाची?”

“कुठली मान?”

“ही, संन्याशाची. अन् ही, जादूगाराची. अन् हा बघा, पेल्यांचा राजा, त्याचीपण तीच. हात तर सगळ्यांचे एकाचेच आहेत. हा उलटा टांगलाय, तरी ओळखू येतो.”

“शैली आहे ती,” मी म्हणाले. “एका हाताने काढलं की सारखेपणा येतोच.”

“सारखेपणा माझ्यात नाही आला तो? तुमच्या भावात नाही आला?”

दादा हातात चहा घेऊन आला. टेबलाकडे नुसती नजर टाकली. “हा तो चित्रांचा डॉक्टर ना? प्रदर्शनाला भेटला होता एकदा. बराय माणूस.” आणि चहा पीत निघून गेला.

मी बघितलं. मग प्रत्येक पत्ता हातात घेऊन बघितला. न्यायाच्या हातात तलवार आहे, पण धरली आहे कापसाच्या काडीसारखी. मृत्यूचा पत्ता केला तेव्हा मी कुणाचाही विचार करत नव्हते, शपथ. त्यातही घोड्यावर वाकलेले खांदे त्यांचेच. मूर्ख दाराबाहेर पाऊल टाकतोय. पाठमोरा आहे, त्यामुळे चेहऱ्याचा प्रश्न नव्हता. पण त्याने बाहीची घडी घातली आहे, डावी बाही उजवीपेक्षा वर. ती घडी मला पाठ आहे. कधी पाठ झाली?

वहिनी जवळ आली. माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. आई गेली तेव्हा ती अशीच उभी राहिली होती.

मी म्हणाले, “वहिनी, ते मला विचारत होते. होकार कळवायच्या आधी विचारत होते.”

“हो.”

“आणि मी त्यांना लेपाचं विचारलं.”

“हो, वन्सं.”

तिलाच हसू फुटलं, मग मलाही, आणि हसता हसता माझं मला आवरेना.

१७ नोव्हेंबर

काल दिवसभर जिकडे बघावं तिकडे तेच. दालनातल्या प्रत्येक चित्राचा कोपरा त्यांनी पुसलेला आहे. पाटीचं अक्षर लावताना वाटलं, हे वाकडं आहे म्हणून मागून सांगतील. कुणी सांगितलं नाही, अक्षर वाकडंच लागलं.

लिहूनच टाकते. मला त्यांच्यापाशी बसायचंय. बोललं नाही तरी चालेल. त्यांनी काम करावं, मी माझं काम करावं, आणि मध्येच वर बघितलं तर ते तिथे असावेत. एवढंच हवंय. या वयात.

१८ नोव्हेंबर

बाईंची शेवटची संमती घ्यायला गेले. सोबत ‘प्रेमी’चा नवा पत्ता, घाईत केलेला: पाठमोरा चित्रकार, समोर खुर्चीत एक स्त्री, मध्ये उजेड. बाईंसारखी होऊ नये म्हणून ती अगदी वेगळी काढली होती. वहिनी बघून म्हणाली होती, ही तुम्हीच आहात. असू दे.

बाईंनी बाकीचे पत्ते भराभर पाहिले. त्यांनीही ओळखलं. “डॉक्टर सगळीकडे आहेत,” एवढंच म्हणाल्या, जणू साखर जास्त झाली असं सांगावं. मग ‘प्रेमी’ हातात घेतला.

“हा बघतोय. ही बसली आहे. पण यात बोलतंय कोण?”

मी बाकीच्या पत्त्यांची चळत सरळ करायला लागले.

“पुरी केली होती हे मला आत्ता कळलं, अगं. ते गेल्यावर. त्या दिवसापासून मी रोज सकाळी त्या खुर्चीत बसते आणि विचारते, का पुसलंत? छान वाटतं विचारायला. उत्तर कुठून येणार?” पत्ता माझ्या हातात परत ठेवला आणि माझी बोटं तशीच धरून ठेवली. त्यांचा हात पानासारखा हलका आहे. “तुझ्या डॉक्टरांकडे टेलिफोन आहे ना?”

“आहे.”

“मग माझ्याकडे काय बसली आहेस?”

१९ नोव्हेंबर

फोन संग्रहालयातून करायचा नव्हता. घरूनही नको, दादा रेडिओ बंद करून ऐकत बसला असता. दुपारी सुट्टी घेतली, मागच्या बागेत गेले, बाकावर बसले. काय बोलायचं ते ठरवलं होतं: आधी पत्ते छान झाले ते सांगायचं, मग तिकडची हवा विचारायची, मग जमलं तर.

त्यांनी फोन उचलला. मागे कसली तरी घरघर चालू होती.

“कोण?” म्हणाले. मी नाव सांगितलं.

पत्त्यांचं सगळं डोक्यातून गेलं. मी म्हणाले, “तुम्ही नाही तर मला इथे करमत नाही. मला तुमची फार आठवण येते. हे मला तेव्हा कळलं नाही, आत्ता कळलं. उशिरा कळलं असेल तर तसं सांगा, पण मला सांगायचं होतं.”

पलीकडे नुसती घरघर. मला वाटलं, संपलं.

“ऐका ना,” ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. “इथे रसायनांचा धूर ओढायचा पंखा चालू आहे. मला नीट ऐकू नाही आलं. किंवा आलं, पण मला ते पंख्याशिवाय ऐकायचंय. फोन ठेवू नका.”

पावलं ऐकू आली. एक बटण टक् झालं. घरघर हळूहळू बसत गेली आणि बंद पडली. मग पावलं परत आली, धावत, आणि काही तरी धातूचं खाली पडलं ते त्यांनी पडू दिलं.

“आता,” ते म्हणाले, “पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं.